पाळणे निवृत्त कधी होतात?

(द्वितीय वर्ष, कला)

पारनेरच्या एस. टी. स्टँडवर बसची वाट पाहत उभे असताना एका मित्राने मोबाइलवर एक चित्रफीत दाखविली. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एका मनोरंजन उद्यानात ‘किंगडा का’ नावाचा रोलर कोस्टर होता. उंची १३९ मीटर. साडेतीन सेकंदांत ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेग घेणारी ही गाडी २००५ साली सुरू झाली, २०२४ साली बंद करण्यात आली, आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी तिचा मनोरा सुरुंग लावून पाडण्यात आला. बंद झाली तेव्हाही ती जगातील सर्वांत उंच होती. पण तो मनोरा पत्त्यांच्या बंगल्यासारखा खाली आला.

मित्र म्हणाला, “एकोणीस वर्षांचीच होती की रे! तुझ्याएवढी.”

सगळे हसले, मीही हसलो. पण बस राळेगणला पोहोचेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर अमेरिकेतला मनोरा नव्हता, यात्रेतली एक ड्रॅगनची गाडी होती. तिच्याविषयी लिहावे की न लिहावे, याचा विचार मी तीन वर्षे करीत आहे. आज लिहितो.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांनी ही गाडी पाहिलेली आहे. पुढे ड्रॅगनचे तोंड, मागे पाच-सहा डबे, आणि उंटाच्या पाठीसारख्या चढउताराच्या रुळांवर गरगर फिरणे. खेड्यापाड्यांतला रोलर कोस्टर तो हाच. निघोजची मळगंगेची यात्रा असो की कोरठणच्या खंडोबाची, देवदर्शन आटोपले की पोराबाळांचे पाय आपोआप पाळण्यांकडे वळतात. माझे मामा सातवीपर्यंत शिकलेले. हंगामात ते अशाच एका पाळणेवाल्याकडे कामाला असतात. गाडी जोडणे, सोडणे, ट्रकवर चढविणे, नटबोल्ट आवळणे, वंगण घालणे, वेळ पडली तर वेल्डिंग करणे, ही त्यांची कामे.

मी अकरावीत असताना तालुक्यातल्या एका यात्रेत धाकट्या बहिणीला घेऊन गेलो होतो. मामांची गाडी म्हणजे फुकट फेरी, हे आमचे ठरलेले! पण मामांनी मला बाजूला घेतले आणि हळूच म्हणाले, “आज नको बसू. तिलाही नको बसवू.” मी कारण विचारले. त्यांनी रुळाखालच्या एका खांबाकडे बोट दाखविले. नवाकोरा गुलाबी रंग, आणि त्यात सांध्यापाशी केसाएवढी एक तांबूस रेघ. “रंगाला तडा गेला ना, की खाली लोखंडाला गेलेला असतो,” मामा म्हणाले. मालकाला सांगितले होते. मालक म्हणाला होता, यात्रा उठू दे, मग पाहू.

मी बहिणीला “पैसे नाहीत” अशी थाप मारली. ती रडू लागली. तिच्या वर्गातल्या दोन मुली रांगेत उभ्या होत्या. त्या तिला हाका मारीत होत्या. मी तिचा हात धरून उभा राहिलो आणि त्या दोघींना गाडीत बसताना पाहिले. मी त्यांना काही बोललो नाही.

त्या रात्री काहीही झाले नाही. गाडी बारा वाजेपर्यंत फिरली, पोरे किंचाळली, हसली आणि घरी गेली. आणि काहीच झाले नाही म्हणूनच ती गाडी पुढच्या यात्रेलाही उभी राहिली. मामांना मी एकदा तिचे वय विचारले होते. ते म्हणाले, “मी आलो तेव्हा होतीच.” मालकाने ती दुसऱ्या कोणाकडून घेतलेली, त्याने आणखी कोणाकडून घेतली असेल तर देव जाणे.

येथे कोणी म्हणेल, जुने झाले म्हणजे वाईट झाले काय? नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी ल्यूना पार्कमध्ये १९१२ सालचा लाकडी रोलर कोस्टर आहे. शंभरी उलटून गेली तरी तो चालला, आणि गाडीच्या मधोमध उभा राहून ब्रेक हाताळणारा माणूस ही त्याची ओळख ठरली. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडमधील ‘सायक्लोन’ १९२७ सालचा. १९८८ साली त्या शहराने त्याला वारसा वास्तूचा मान दिला. लाकडाची एक एक फळी पाहून, खराब झालेली काढून नवी घालतात, म्हणून हे म्हातारे उभे राहिले. त्यांच्याकडे पाहणारे कोणीतरी रोज असते.

लोखंडाची गोष्ट वेगळी. ते बाहेरून सांगत नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा ताण पडत राहिला, की धातू थकतो. ताण एका वेळी सोसण्याइतकाच असला तरी लाखो वेळा पडल्यावर सूक्ष्म भेग जन्मते, ती हळूहळू वाढते आणि एके दिवशी तुटते. १९५४ साली ‘कॉमेट’ जातीची जेट विमाने आकाशात फुटली, त्यांच्या चौकशीत हेच कारण निघाले. उद्यानातला रोलर कोस्टर निदान एका जागी पक्क्या पायावर उभा असतो. यात्रेतली गाडी दर चार-आठ दिवसांनी सुटी होते, ट्रकमध्ये आदळत जाते, नांगरलेल्या रानात लाकडी ठोकळ्यांवर पुन्हा उभी राहते. शिवाय २०२० आणि २०२१ साली करोनामुळे यात्रा भरल्या नाहीत. दोन पावसाळे हे लोखंड उघड्यावर पडून होते. यात्रा पुन्हा भरू लागल्या तेव्हा त्याच्यावर रंगाचा नवा हात फिरला.

भेग कोणाला दिसते, यापेक्षा ती दिसल्यावर काय होते, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेतच कॅरोवाइंड्स या उद्यानात ‘फ्युरी ३२५’ नावाचा रोलर कोस्टर २०१५ पासून आहे. म्हणजे म्हातारा मुळीच नव्हे. २०२३ च्या जूनअखेरीस तेथे आलेल्या एका माणसाच्या लक्षात आले, की गाडी जाताना एक खांब वरच्या बाजूला तुटून हलत आहे. त्याने चित्रण केले, उद्यानवाल्यांना दाखविले. गाडी थांबली, खांब बदलला, तपासण्या झाल्या, आणि ऑगस्टमध्ये ती पुन्हा धावू लागली. एका प्रेक्षकाने बोट दाखविले आणि सव्वातीनशे फूट उंचीचे यंत्र थांबले! माझ्या मामांनीही बोट दाखविले होते. ते तर प्रेक्षकही नव्हते, त्या यंत्राचा नट न् नट ओळखणारे होते.

आपल्याकडे उद्याने बंद होतात, पण यंत्र थकले म्हणून नव्हे. दिल्लीचे ‘अप्पू घर’ १९८४ साली सुरू झाले आणि २००८ साली बंद झाले. त्याची जागा दुसऱ्या कामाला हवी होती. मुंबईत गोराईला १९८९ साली सुरू झालेले ‘एस्सेलवर्ल्ड’ २०२२ साली बंद झाले. करोनाच्या आदल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल तेथे गेली होती. मार्वेच्या धक्क्यावरून लाँचने खाडी ओलांडताना आम्ही राळेगणची पोरे समुद्र प्रथमच पाहत होतो. रोलर कोस्टरवर बसल्यावर मी डोळे मिटले, ते गाडी थांबल्यावर उघडले. ते उद्यान बंद झाल्याचे ऐकून वाईट वाटले. पण असे उद्यान बंद झाले, तर निदान वर्तमानपत्रात चार ओळी येतात. यात्रेतल्या गाडीची बातमी कधी येते? ती मोडते तेव्हा! १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी लंबकासारखा झुलणारा पाळणा मोडून दोन माणसे गेली आणि पंचवीसहून अधिक जखमी झाली. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत रोलर कोस्टरवरून पडून एक तरुणी गेली. ही तर मोठ्या शहरांतली उद्याने. रानात उभ्या राहणाऱ्या गाडीचे काय?

आपल्या लाल परीचे पाहा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणीच संपते, आणि एस. टी. बसही त्यात आल्या. ट्रक, टेम्पो, रिक्षा, सर्वांना ‘पासिंग’ आहे. ज्या ट्रकमधून ड्रॅगनची गाडी येते त्या ट्रकला पासिंग आहे, जन्मतारीख आहे, नंबर आहे. त्यात भरलेल्या गाडीला, जिच्यात आपली लेकरे बसतात, वय कोण विचारतो? यात्रेसाठी पोलिसांचा परवाना लागतो, हे खरे. पण परवाना त्या मुक्कामापुरता. मागच्या मुक्कामी कोणता खांब वेल्डिंग केला, हे पुढच्या मुक्कामाला ठाऊक नसते.

आता दुसरी बाजू. ती मी टाळली तर मामा मला माफ करणार नाहीत. तो मालक काही राक्षस नाही. यात्रा बंद होत्या त्या दोन वर्षांत त्याने एक पाळणा विकला, पण कामगारांच्या घरी धान्य पोहोचविले. आमच्या मामींनी त्याच धान्यावर घर चालविले. गाडी भंगारात घातली तर तिच्या लोखंडाचे येतील तेवढ्या पैशांत नवी येणार नाही. ती गाडी निवृत्त झाली, तर तिच्यामागे सात माणसे निवृत्त होतात, आणि त्यांतल्या एकालाही पेन्शन नाही. ‘यात्रा उठू दे, मग पाहू’ या वाक्यात लोभ आहे, तशी भीतीही आहे. खेड्यातल्या गरिबाची करमणूक बंद करा, असेही मला म्हणायचे नाही. माझ्या बहिणीला जत्रेत रडायला लावून मी काही पुण्य जोडले नाही.

मी ज्या गावचा आहे, त्या गावाला बंदी हा शब्द नवा नाही. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी हे शब्द आम्ही बाराखडीबरोबर शिकलो. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावातल्या दारूच्या भट्ट्या बंद झाल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. पण आमच्या घरातले म्हातारे नेहमी पुढची गोष्ट सांगतात. नुसत्या भट्ट्या बंद करून गाव उभे राहिले नाही. नाले अडवले, ताली बांधल्या, विहिरींना पाणी आले, तेव्हा कोठे माणसांच्या हाताला दुसरे काम मिळाले. आणि निर्णय ग्रामसभेत, सर्वांसमोर झाले. एकट्यादुकट्याने म्हटले असते तर त्याला वेड्यात काढले असते. माझे मामा एकटे होते, एवढाच त्यांचा दोष.

म्हणून मला सुचते ते साधे आहे. प्रत्येक पाळण्याबरोबर, प्रत्येक गाडीबरोबर एक वही फिरावी. तिच्यात यंत्र कधी बनले, कोणाकडून कोणाकडे गेले, कोठे भेग गेली, कोणी सांधली, हे लिहिलेले असावे. यात्रा कमिटीने जागेचे भाडे ठरविण्याआधी ती वही मागावी. ज्या गावात वही मागतील त्या गावात ती तयार होईल. दुसरे, जोडणाऱ्या कामगाराने ‘नाही’ म्हटले तर ती फेरी सुरू होऊ नये, आणि त्याबद्दल त्याचा रोज बुडू नये, अशी अट जागेच्या करारातच असावी. तिसरे, मोडीत काढलेल्या गाडीच्या मालकाला नवी घेण्यासाठी कर्जाची सोय हवी. जुन्या मोटारी मोडीत काढण्यासाठी सरकारने २०२१ साली धोरण आणले; पाळण्यांसाठी का आणू नये? तपासणाऱ्या तज्ज्ञाचा खर्च गावाला झेपणार नाही, असे कोणी म्हणेल. यात्रेत कुस्त्यांच्या इनामाला आणि तमाशाच्या सुपारीला वर्गणी गोळा होते. त्यातून थोडे बाजूला काढता येणार नाही काय?

‘किंगडा का’ बंद झाल्याची घोषणा त्याची शेवटची फेरी होऊन गेल्यावर झाली, म्हणून त्याचे चाहते हळहळले. त्यांना शेवटचे बसायचे होते. मला त्यांचा हेवा वाटतो. यंत्र धडधाकट दिसत असतानाच ‘आता पुरे’ म्हणणारे कोणीतरी तेथे होते, आणि हळहळायला सगळे जिवंत होते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. मामा मला म्हणतात, “तू शिकतोस, तुझं ऐकतील.” ऐकतील की नाही, मला ठाऊक नाही. पण त्या रात्री रांगेत उभ्या असलेल्या दोन मुलींना मी काही सांगितले नव्हते. त्यांतली एक यंदा बारावीला आहे. पुढल्या वर्षी ती याच कॉलेजात येईल आणि कदाचित हा अंक चाळील. तिला हे कळावे, की आम्हाला ठाऊक होते.

येत्या चैत्रात यात्रा भरतील. ड्रॅगनचे तोंड पुन्हा रंगेल. तिकीट काढण्याआधी एकदा खाली वाकून खांबाकडे पाहा, आणि रेघ दिसली तर मोठ्याने बोला. मी हळू बोललो असतो तरी चालले असते. मी बोललोच नाही.