बक्षिसानंतर काय?

शालेय विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम आला की तालुक्याच्या गावी मांडव पडतो, पाहुण्यांची भाषणे होतात, परीक्षक टेबलांवरून फिरतात आणि सायंकाळी ढाली वाटल्या जातात. दुसऱ्या दिवशी ती उपकरणे शाळेच्या कपाटावर जाऊन बसतात. राष्ट्रीय पातळीवरील बालविज्ञान प्रदर्शनाची परंपरा १९७१ पासूनची आहे. अर्धशतक उलटून गेल्यावर या उपक्रमाचा हिशेब मांडताना किती मुलांना बक्षिसे मिळाली एवढेच पाहून भागणार नाही. त्यांतील किती उपकरणे शेतात, घरात वा कारखान्यात वापरली गेली, हा खरा प्रश्न आहे.

भंडारा जिल्ह्यापुरता विचार केला तरी या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात येते. हा धानाचा आणि तलावांचा मुलूख. येथील कोहळी समाजाने पाठ्यपुस्तकांचा आधार नसताना जमिनीचा उतार ओळखला, पार बांधली, पाट काढले आणि बांधीबांधीत पाणी नेले. पुढे या जिल्ह्यातून १९९९ साली वेगळ्या झालेल्या गोंदियातील नवेगावबांधचा तलाव याच परंपरेतला. मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना 'मामा तलाव' असे नाव पडले. पुष्कळ ठिकाणी गाळ साचला आणि पाटही बुजले. तात्पर्य, स्थानिक अडचणीवर स्थानिक बुद्धीने उपाय शोधण्याची रीत या भूमीला नवी नाही. त्या रीतीला आज आधार कोण देणार, एवढाच प्रश्न उरतो.

जिल्ह्यातील शाळकरी मुलांसमोर अडचणींचा तुटवडा नाही. रोवणीच्या दिवसांत आई दिवसभर चिखलात वाकून परे लावते, हे त्याने पाहिलेले असते. रोवणीची यंत्रे बाजारात आहेत. परंतु त्यांतील मोठ्या यंत्रांची किंमत लाखांच्या घरात जाते. शिवाय त्यांच्यासाठी परे वेगळ्या पद्धतीने, चटईसारखे वाढवावे लागतात आणि लहान वेड्यावाकड्या बांधीत यंत्र वळवणे कठीण जाते. ही शेवटची अडचण दूरच्या कारखान्यातील आराखडाकाराला सहजी दिसत नाही. बांधीच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुलाला ती दिसते. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी कुंपणात चोरून वीज सोडली जाते आणि त्यात माणसांचा व वन्यप्राण्यांचा बळी जातो. त्यावर निर्धोक पर्याय शोधणे हीही विज्ञानाचीच परीक्षा आहे.

अशा उपायाने किती फरक पडतो, याचे उदाहरण टसर व्यवसायात मिळते. टसरच्या कोशातून सूत काढताना ते उघड्या मांडीवर घासून वळण्याची पद्धत मध्य व पूर्व भारतातील स्त्रियांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आली होती. केंद्रीय रेशीम मंडळाने तिला पर्याय म्हणून 'बुनियाद' हे साधे यंत्र पुढे आणले. या यंत्रात विज्ञानाचा कोणताही चमत्कार नाही. स्त्रीच्या कातडीला होणारी इजा हा तांत्रिक प्रश्न आहे असे कोणाला तरी वाटले, हे त्यामागचे मर्म होय.

शासन याबाबत उदासीन आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. केंद्र शासनाच्या 'इन्स्पायर-मानक' योजनेत निवडलेल्या विद्यार्थ्याला उपकरण तयार करण्यासाठी १० हजार रुपये मिळतात आणि त्यानंतर जिल्हा, राज्य व राष्ट्र अशी प्रदर्शनांची चढण असते. अटल नवोन्मेष मोहिमेतून देशभर सुमारे १० हजार शाळांत प्रयोगशाळा उभ्या राहिल्या असून प्रत्येकीसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. पाटण्याच्या शालिनी कुमारी या मुलीला जिना चढताना उपयोगी पडेल अशा, पुढचे पाय लहानमोठे करता येणाऱ्या चालण्याच्या आधाराची कल्पना शालेय वयात सुचली. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानच्या साहाय्याने ते साधन पुढे बाजारात आले. वाट आहे, पण ती फार थोड्यांपर्यंत पोचते. राष्ट्रीय पातळीवर पोचलेल्यांना मार्गदर्शन लाभते. जिल्ह्यात अडलेल्यांना प्रमाणपत्र.

याचे कारण अर्थशास्त्रात सापडते. पहिला नमुना कल्पना पटवण्यासाठी असतो आणि त्याला दहा हजार पुरतात. दुसरा नमुना शेतात टिकला पाहिजे, पावसात गंजता कामा नये, तुटल्यास गावच्या लोहाराला दुरुस्त करता आला पाहिजे. त्याला कितीतरी अधिक पैसा व वेळ लागतो आणि याच टप्प्यावर देणारे हात आखडतात. ज्याला यंत्राची गरज आहे त्या अल्पभूधारकाची क्रयशक्ती तुटपुंजी असल्याने कारखानदाराला त्यात नफा दिसत नाही. यश आल्यास लाभ साऱ्या समाजाचा, अपयश आल्यास खर्च एकट्या कुटुंबाचा. असा व्यवहार कोणते कुटुंब पत्करील? जेथे सामाजिक लाभ खासगी लाभाहून मोठा असतो, तेथे सार्वजनिक पैसा घातलाच पाहिजे, हा अर्थशास्त्राचा जुना सिद्धांत आहे.

महाराष्ट्राने या उपेक्षेची किंमत पूर्वीही मोजली आहे. १८६७ साली मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे तरुणपणीच यंत्रांच्या मागे लागले. मुद्रणाचे खिळे ओतणाऱ्या त्यांच्या यंत्रासाठी त्यांना परदेशात भांडवल शोधत फिरावे लागले. दादाभाई नौरोजींसारख्यांनी साहाय्य केले, तरी १९३५ साली त्यांचा अंत न्यूयॉर्कमध्ये झाला. दुसरे उदाहरण अगदी शेजारचे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या शेतातील वेगळ्या लोंब्या निवडून वर्षानुवर्षे जोपासल्या. त्यातून आलेले वाण त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावाने, 'एचएमटी' म्हणून गाजले आणि अनेक राज्यांत पसरले. त्यांचा राष्ट्रीय सन्मानही झाला. तथापि श्रेयाचा वाद शेवटपर्यंत मिटला नाही आणि ३ जून २०१८ रोजी हा संशोधक गरिबीतच गेला. शेतकऱ्याच्या वाणाची नोंद करून घेणारा कायदा २००१ साली झाला. दादाजींचे वाण तोवर शेतोशेती पोचलेले होते.

या इतिहासातून शिक्षकांनी घ्यावयाचा एक व्यावहारिक धडा आहे. कल्पना आधी सर्वांसमोर मांडली आणि नंतर पेटंटचा अर्ज केला, तर नावीन्याचा दावा अडचणीत येतो. शासनाने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती १२ महिन्यांची सवलत कायद्यात आहे. प्रत्येक शालेय प्रदर्शन त्यात मोडेलच असे नाही. आधी तात्पुरते विवरणपत्र दाखल केल्यास संपूर्ण विवरण देण्यास १२ महिने मिळतात. शिक्षणसंस्थांना २०२१ पासून पेटंट शुल्कात ८० टक्के सूटही आहे. ही माहिती प्रदर्शनाच्या परिपत्रकासोबत प्रत्येक शाळेत गेली पाहिजे.

यावर एक आक्षेप घेतला जातो व तो सर्वस्वी निराधार नाही. पुष्कळ उपकरणे पालकांनी किंवा दुकानदाराने केलेली असतात, काही दरवर्षीची नक्कल असतात, आणि मुलांना अकाली 'शास्त्रज्ञ' म्हणून मिरवल्याने अभ्यासाचे नुकसान होते. परंतु हा दोष परीक्षणाचा आहे. उपकरणाच्या रंगरंगोटीला गुण मिळत असतील तर रंगरंगोटीच वाढणार. विद्यार्थ्याने किती वेळा प्रयोग केला, कोठे फसला, वापरणाऱ्याशी बोलून काय बदलले, याची वही तपासून गुण द्यावेत. अशी वही विकत आणता येत नाही.

उपाय फार खर्चाचे नाहीत. जिल्हा नियोजन समितीने दरवर्षी निवडक थोड्या उपकरणांच्या दुसऱ्या नमुन्यासाठी तरतूद करावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी सुट्टीत आपल्या कार्यशाळा या मुलांसाठी उघडाव्यात. जवाहरनगरची आयुध निर्माणी, डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीजच्या खाणी, गडेगावचा वाहन कारखाना. यंत्रज्ञानाची एवढी पुंजी जिल्ह्यात असताना एखाद्या अनुभवी कारागिराचे महिन्यातील दोन दिवस शाळांना मिळू नयेत, हे पटण्यासारखे नाही. परीक्षकांत रोवणी करणारी एखादी स्त्री, एखादा ढिवर मच्छीमार आणि एखादा लोहार असावा. उपकरण चालेल की नाही हे पदवीधरांपेक्षा त्यांना लवकर कळेल. आणि विज्ञान शिक्षकाच्या माथी मारलेली अशैक्षणिक कामे कमी करावीत, कारण मुलाची पहिली वेडीवाकडी कल्पना ऐकून घ्यायला शिक्षकापाशी वेळ लागतो.

सगळीच उपकरणे यशस्वी होणार नाहीत, बहुतेक फसतीलच. शंभरांतून एखादे जरी पुढील हंगामात एखाद्या बांधीत उतरले, तरी शेकडो स्त्रियांच्या पाठीवरील भार हलका होईल. मुलांनी आपले काम केले आहे. आता ती उपकरणे कपाटावरून खाली काढण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे.