उत्तर न देणे हाही उपचार

‘आई, गॅस बंद आहे ना?’ ‘हो गं, बंद आहे.’ पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. आपण लेकीला धीर देतो आहोत, असे आईला वाटते. मुलीला ओसीडी, म्हणजे मंत्रचळ असेल, तर तिचा आजार या धिरावरच पोसला जातो. शंका येते, जीव घाबरा होतो, खात्री करून घेतली की क्षणभर हायसे वाटते. संकट टळले ते खात्री केल्यामुळेच, अशी मनाची समजूत होते आणि पुढची शंका अधिक जोर धरून येते.

हे चक्र तोडण्याची रीत नवी नाही. व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये रुग्णांना भीतीच्या गोष्टींना सामोरे नेऊन त्यांचे कर्मकांड, म्हणजे भीती शमवण्यासाठी पुन्हा पुन्हा केली जाणारी कृती, थांबवले आणि 1966मध्ये त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. आज ही पद्धत ‘ईआरपी’ म्हणून ओळखली जाते. जंतूंची भीती असेल, तर दाराच्या कडीला हात लावायचा आणि हात न धुता बसायचे. अस्वस्थता वाढते, पण ती सोसता येते, हे मन अनुभवाने शिकते. सुरुवात सोप्या पायरीपासून, तीही रुग्णाच्या संमतीने. जोडीला औषधे लागू शकतात. त्यांचा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे जातात, म्हणून ती मधेच परस्पर बंद करू नयेत.

काहींचे कर्मकांड डोळ्यांना दिसतही नाही. ‘माझ्या गाडीचा कुणाला धक्का तर लागला नसेल?’ या शंकेवर मनात तासन्‌तास उलटतपासणी चालते. अशा माणसाला ‘चांगले विचार कर’ सांगून उपयोग नसतो. त्या वादात आणखी एका मुद्द्याची भर पडते, इतकेच. ‘लागला असेल, नसेलही’ एवढ्यावर प्रश्न सोडून हातातल्या कामाकडे वळणे, हाच तिथला सराव.

आजार घरच्यांच्या धिरावरही पोसला जातो, म्हणूनच उपचार रुग्णापुरते ठेवून भागत नाही. घरच्यांनी एकाएकी तोंड फिरवू नये, चिडू तर मुळीच नये. ‘हा प्रश्न आजार विचारतो आहे. त्याला उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसते,’ असे म्हणावे, आणि तसे म्हणायचे हे रुग्णाशी आधीच ठरवून घ्यावे. हे कुणाला उपजत येत नाही, शिकवावे लागते. आपल्याकडे मात्र अनेकदा चिठ्ठीवर गोळ्या लिहून मिळतात आणि घरचे बाहेरच्या बाकावर बसून राहतात. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो, तो जरूर घ्यावा. पण प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ओसीडीच्या रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबालाही समुपदेशकाने आत बोलावून किमान एकदा निवांत समजावून सांगितलेच पाहिजे. त्याला मोठा निधी लागत नाही. हे समजावणे उपचाराचाच भाग आहे, एवढे आरोग्य खात्याने मानले तरी पुरे.