खोकी संपली म्हणून रडणाऱ्यांनो

मॉडेल रेल्वेचा छंद असलेल्या आपल्या मंडळींचं रडगाणं ऐकून आता कान किटले. पेको कंपनीचे पॉइंट, म्हणजे रूळ बदलायचे सांधे, मिळत नाहीत. डिकोडर संपले. अमुक इंजिन जाहीर होऊन इतके दिवस झाले, अजून कारखान्यातून निघालेलं नाही. निघालंच तर कस्टममध्ये अडकतं आणि सुटलं तर किंमत दुप्पट झालेली असते. बैठकीला जमायचं, चहा प्यायचा, काय काय मिळत नाही याची उजळणी करायची आणि घरी जायचं. घरी प्लायवूडचा टेबल वर्षानुवर्षं उघडा पडलेला. यातली निम्मी तक्रार खरी आहे. उरलेली निम्मी म्हणजे आळसावर घातलेलं पांघरूण आहे, आणि मला त्याचा संताप येतो.

आधी खऱ्या निम्म्याबद्दल बोलू. ही टंचाई आभाळातून पडलेली नाही, ती व्यापाराने घडवली. नव्वदच्या दशकात हॉर्न्बी या ब्रिटिश कंपनीने मारगेटमधलं उत्पादन चीनमध्ये हलवलं, आणि अमेरिकेतल्या-युरोपातल्या इतर बऱ्याच कंपन्यांनी तोच रस्ता धरला. दक्षिण चीनमधल्या मोजक्या कारखान्यांत एकमेकांच्या स्पर्धकांची इंजिनं एकाच छपराखाली बनू लागली. सांडा कान हा त्यांतला एक बडा कारखाना. २००८ च्या सुमारास तो कादेर या हाँगकाँगच्या समूहाकडे गेला, आणि बाकमन ही कंपनीही कादेरचीच. म्हणजे हॉर्न्बीचा माल बनणार तो तिच्या मुख्य प्रतिस्पर्ध्याच्या मालकाकडे! पुढे हॉर्न्बीचा माल वेळेवर दुकानात पोचेना यात नवल कसलं? २०१८ मध्ये आफा हा दुसरा कारखाना बंद झाला तेव्हा त्यावर विसंबलेल्या अमेरिकन कंपन्यांना आपले साचे उचलून नवा कारखाना शोधत फिरावं लागलं. सगळी अंडी दुसऱ्याच्या टोपलीत ठेवून ती फुटल्यावर गिऱ्हाइकाला ‘थोडा धीर धरा’ म्हणून सांगणाऱ्या या कंपन्यांना मी अजिबात माफ करायला तयार नाही.

त्यात मर्यादित उत्पादनाची पद्धत आली. कंपनी आधी संगणकावरचं चित्र दाखवते, त्यावर नोंदणी घेते, नोंदणीपेक्षा थोडंच जास्त बनवते आणि मग तो साचा कित्येक वर्षं कोपऱ्यात ठेवून देते. पूर्वी दुकानाच्या फळीवर एखादं इंजिन कायम असायचं. पोराला पैसे साठवायला दोन वर्षं लागली तरी ते तिथेच असायचं. आता आज घेतलं नाही तर कधीच नाही, अशी भीती घालून माल खपवला जातो. याला मी टंचाई म्हणत नाही. हा धाकदपटशा आहे.

आणि आपले लोक त्या धाकाला बळी पडतात, इतकंच नाही, त्यात स्वतःचा वाटा उचलतात. एक इंजिन हवं असेल तर तीन मागवायची, एक ठेवायचं, दोन पुढच्या वर्षी अव्वाच्या सव्वा भावाने त्याच गटातल्या नवख्याला विकायची. मग पुन्हा ‘हल्ली तरुण मुलं या छंदात येत नाहीत’ म्हणून गळा काढायचा. कशी येतील? पहिल्याच पायरीवर तुम्ही टोल नाका लावून बसला आहात. माझ्या ओळखीच्या काही कपाटांत अशी खोकी आहेत की ज्यांची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नाही. आतली गाडी रुळाला कधी लागलीच नाही. तिचं ग्रीस सुकतं आहे आणि मालक बैठकीत टंचाईवर भाषण देतो आहे.

सरकारबद्दलही बोललं पाहिजे. आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. स्वस्त, विषारी रंगाच्या खेळण्यांपासून मुलांना वाचवायचं आणि इथल्या खेळणी बनवणाऱ्यांना आधार द्यायचा, हा हेतू मला पूर्ण मान्य आहे. पण सीमाशुल्काच्या ज्या ९५०३ क्रमांकाच्या सदरात बाहुल्या आणि तीनचाकी सायकली आहेत, त्याच सदरात प्रमाणबद्ध प्रतिकृतीही आहेत. १:८७ प्रमाणातलं, पायरीची दांडी केसाएवढी बारीक असलेलं इंजिन आणि तीन वर्षांच्या पोराची प्लास्टिकची झुकझुक गाडी यांना एकच शुल्क! युरोपीय संघाच्या २००९ च्या खेळणी सुरक्षा निर्देशाने संग्राहकांसाठीच्या, १४ वर्षांवरच्यांसाठी असं स्पष्ट छापलेल्या बारकाव्यांच्या प्रतिकृती खेळण्यांतून वेगळ्या काढल्या. आपल्याकडे शुल्काच्या बाबतीत हा भेद का होऊ नये? ज्या भारतीय कारखान्याला संरक्षण द्यायचं, तो असली प्रतिकृती बनवतच नसेल तर हे ७० टक्के कोणाच्या भल्यासाठी? हा प्रश्न लेखी विचारायला हवा, अर्थमंत्रालयाला, संघटितपणे. बैठकीतल्या चहावर नव्हे.

इथपर्यंत मी तुमच्या बाजूचा आहे.

आता दुसरी निम्मी. मला सांगा, तुमच्या टेबलावर चालणार होती ती गाडी कोणती? स्विस रेल्वेची लाल गाडी, जर्मन मालगाडी, अमेरिकेतलं सांता फेचं इंजिन. त्यांची टंचाई झाली म्हणून तुम्ही हवालदिल झालात. पण डेक्कन क्वीनचे डबे? बार्शी लाइट रेल्वे? शकुंतला? माथेरानची गाडी? ती खोक्यात घालून देणारी मोठी कंपनी तुम्ही कधी पाहिलीत? आपल्या रेल्वेच्या बाबतीत दुकान पहिल्यापासून रिकामंच होतं. १९३० च्या १ जूनला सुरू झालेल्या ज्या डेक्कन क्वीनवर पुणेकर जीव टाकतात तिचा एक साधा डबा बनवायला इतकी वर्षं हात धजावला नाही, आणि हॉर्न्बीचा माल उशिरा आला की छाती पिटायची, हा कसला छंद?

‘आपला गेज वेगळा, म्हणून जमत नाही’ हे कारण मी असंख्य वेळा ऐकलं. हिशेब करून कोणी ऐकवलं नाही. म्हणून मी करतो. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. एच-ओ म्हणजे १:८७ मध्ये तो १९ मिलिमीटरच्या थोडा वर जातो, आणि बाजारातला रूळ १६.५ चा. जमत नाही, बरोबर. पण प्रमाण १:१०० धरा. रुळांतलं अंतर येतं १६.७६. बाजारातल्या रुळापेक्षा पाव मिलिमीटर जास्त. डोळ्याला कळणारही नाही! २१ मीटर ३३७ मिलिमीटर लांबीचा इंटिग्रल कोच फॅक्टरीचा (आयसीएफ) डबा मग साधारण २१३ मिलिमीटरचा होतो, म्हणजे दिवाणखान्यातल्या वळणावरही तो बेढब दिसणार नाही. आणि १:१०० हे कोणाचं प्रमाण आहे? वास्तुविशारदांचं. त्यांच्या मॉडेलसाठी लागणारी माणसं, झाडं, दिव्याचे खांब, मोटारी या प्रमाणात पुण्या-मुंबईच्या मॉडेल साहित्याच्या दुकानांत पाकिटाने मिळतात. परदेशातून रंगीत झाड मागवून त्यावर शुल्क भरणाऱ्यांनी हे कधी बघितलंच नाही.

नॅरोगेजचं तर याहून सोपं आहे. बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटरची. १:८७ मध्ये ती ८.७६ होते, आणि एन गेजचा रूळ ९ मिलिमीटरचा. म्हणजे एन गेजचं जुनं, टाकाऊ इंजिन घ्यायचं, त्याची यंत्रणा ठेवायची, वरचं कवच स्वतः करायचं. एव्हरार्ड कॅल्थ्रॉपने १८९७ मध्ये सुरू केलेली ही रेल्वे म्हणजे नॅरोगेजच्या इतिहासातला मैलाचा दगड. एका आसावर ५ टनांहून जास्त भार नाही आणि सगळ्या मालडब्यांना २५ फुटी दाबीव पोलादी सांगाडा, ही त्याची शिस्त. सांगाडा एकच असल्यामुळे मॉडेल करणाऱ्याला एकच साचा पुरतो! त्याच कॅल्थ्रॉपने पुढे इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड लाइन बांधली, १९०४ साली ती सुरू झाली, १९३४ साली बंदही पडली. तिथले हौशी लोक ती अजून घराघरांत उभी करतात. आपण मात्र कुर्डुवाडीहून बार्शीला जाणाऱ्या गाडीच्या आठवणी काढून उसासे टाकतो आणि टेबलावर आल्प्स पर्वत उभा करतो.

साहित्याचं म्हणाल तर मला खरंच चीड येते. रुळांखाली टाकायच्या खडीचं पाकीट परदेशातून मागवतात. त्यात काय असतं माहीत आहे? एका नावाजलेल्या कंपनीच्या पाकिटात अक्रोडाच्या टरफलांचा रंगवलेला चुरा असतो. तो हलका असतो, पातळ गोंद ओतला की तरंगतो आणि मेहनत वाया जाते. आणि इथे मध्य रेल्वेच्या रुळांखाली जो काळा दगड असतो त्याचीच कच प्रत्येक खडी क्रशरच्या बाहेर ढिगाने पडलेली असते. दोन चाळण्यांतून चाळा, धुवा, वाळवा. एकच काळजी घ्या: आपल्या दगडात लोखंडाचा अंश असतो, म्हणून चुंबक फिरवून ते कण काढून टाका, नाहीतर ते इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसतात. सह्याद्रीच्या उतारांना सह्याद्रीचाच दगड. याहून खरा रंग कुठल्या पाकिटात मिळणार आहे? गवतमातीसाठी वाळवलेला चहाचा चोथा आणि लाकडाचा भुसा पुरतो. ज्या प्रांतात दर दिवाळीला पोरं पोतं, माती आणि पेरलेल्या मोहरीतून किल्ला उभा करतात, तिथल्या मोठ्या माणसांनी डोंगर कसा करायचा हे कॅटलॉगमध्ये शोधावं याची लाज वाटायला हवी.

पॉइंट मिळत नाहीत? २०२० मध्ये टाळेबंदीत डेव्हनमधल्या बीअर गावातला पेकोचा कारखाना काही काळ बंद होता आणि त्याच वेळी घरी बसलेल्या सगळ्या जगाला रूळ हवे होते. तेव्हापासूनची ही ओरड. पण पॉइंट हाताने बांधण्याची पद्धत पेकोच्या प्लास्टिकइतकीच जुनीजाणती आहे. तांब्याचा थर असलेली सर्किट बोर्डाची पट्टी पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळते. तिचे स्लीपर कापायचे, दोन रुळांमधला तांब्याचा थर कानशीने तोडायचा म्हणजे शॉर्ट होत नाही, आणि रूळ त्यावर सोल्डर करायचा. पहिला पॉइंट वाकडा होईल. होऊ द्या.

डीसीसीचंही, म्हणजे गाड्या चालवायच्या डिजिटल पद्धतीचंही, तेच. चिपच्या टंचाईत डिकोडर महाग झाले, हे खरं. पण डीसीसी हे अमेरिकेच्या राष्ट्रीय मॉडेल रेल्वे संघटनेने सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं मानक आहे. अर्डुइनो मेगा, एक मोटर शील्ड आणि डीसीसी-ईएक्सचं मोफत सॉफ्टवेअर यांतून घरच्या घरी कमांड स्टेशन होतं. आयटीत उभं आयुष्य काढलेली माणसं आपल्या गटात डझनाने आहेत. त्यांनी हजारो रुपयांच्या पेटीची वाट बघत बसावं?

सगळंच घरी होतं असं मी म्हणत नाही. जर्मन सिल्व्हरचा रूळ आणि अचूक घडवलेली चाकं इथे सहजी मिळत नाहीत, आणि चाक बेताल असेल तर गाडी घसरणारच. ती बाहेरून आणावीच लागतील. पण मग तेवढंच आणा! गटाने मिळून एकत्र मागवा, प्रत्येकाला लागेल तेवढंच वाटून घ्या, साठेबाजाला त्यात थारा देऊ नका. रूळ आणि चाकं यांवर शुल्क भरणं मला समजतं. झाड, दगड आणि पुठ्ठ्याचं स्टेशन यांवर भरणं समजत नाही.

कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहायला लोक मुलांना घेऊन जातात, फोटो काढतात. १९९८ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. भाऊसाहेब जोशींनी हा छंद जोपासला त्या काळात आयातीवर आजच्याहून कडक बंधनं होती, परकीय चलन मिळवणं मुश्कील होतं, घरबसल्या पार्सल मागवण्याची सोय नव्हती. तरी ते उभं राहिलं. आज हातात थ्रीडी प्रिंटर आहे, चार गल्ल्या सोडून रेझिन प्रिंटिंग करून देणारा आहे, आणि आपण म्हणतो काळ कठीण आला आहे.

‘वेळ नाही’ असं कोणी म्हटलं की मी त्याला विचारतो, पार्सल कुठवर आलं हे बघण्यात किती वेळ जातो? ‘नजर कमी झाली’ म्हणणाऱ्याला मी भिंगाचा दिवा दाखवतो. हात थरथरतात त्याने झाडं करावीत, थरथरत्या हाताची झाडं जास्त चांगली होतात.

आणि एक काम मला याच वर्षी करायचं आहे. स्विस क्रोकोडाइल इंजिनाच्या प्रतिकृती मार्क्लिन पिढ्यान्‌पिढ्या काढते आहे, आपल्यातल्या कित्येकांच्या कपाटात ती आहे. ज्या विंटरथूरच्या कारखान्यात ते स्विस इंजिन घडलं, त्याच कारखान्यातून ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेसाठी आपलंही एक आलं: डब्ल्यूसीजी-१, बोरघाटात आणि थळघाटात मालगाड्या खेचणारा आपला ‘खेकडा’. त्याची प्रतिकृती कुठल्याही कॅटलॉगात शोधत बसू नका. त्यातला ‘सर लेस्ली विल्सन’ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभा आहे. मोजमापं घेण्याच्या परवानगीचा अर्ज मी लिहितो आहे. टेप, कॅमेरा, वही घेऊन दोन दिवस राबणारी आणि काढलेले आराखडे कोणालाही फुकट देणारी माणसं मला हवी आहेत. ज्यांना फक्त प्री-ऑर्डर कधी सुरू होणार एवढंच विचारायचं आहे, त्यांनी मला फोन करू नये.