दाखल्याची धास्ती आणि घरची शाळा

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकविणाऱ्या पालकांना पहिला प्रश्न विचारला जातो तो अभ्यासाचा नव्हे, दाखल्याचा. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे दहावे कलम सहा ते चौदा वर्षांच्या पाल्यास शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य ठरविते. मात्र ते न पाळणाऱ्या पालकास शिक्षेची तरतूद कायद्यात नाही. या संदिग्धतेने धास्तावलेली कुटुंबे घरातच तासिका आणि फळा मांडून बसतात. मग शाळा काय वाईट होती?

वास्तविक राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर, शाळेचा दाखला नसला तरी, दहावीसाठी नाव नोंदविता येते. तोवरचा काळ मोकळा आहे. मंडईतल्या पावशेर-अर्ध्या किलोत अपूर्णांक आहेत, एसटीच्या वेळापत्रकात वेग आणि अंतर. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर धेनुकाकट गावच्या यवन दात्यांची नावे ब्राह्मीत कोरली आहेत. ती अक्षरे वहीत उतरविणाऱ्या मुलाला प्राचीन व्यापार वेगळा पाठ करावा लागत नाही.

अडचण आहे ती निराळीच. हे सारे बहुधा आईच्या नोकरीच्या मोबदल्यात घडते. तीन-चार कुटुंबांनी वार वाटून घेतले, तर तिचे काही दिवस सुटतात आणि मुलांना सवंगडीही मिळतात.