हेल्पर की फिटर?

सकाळी बोईसर स्टेशनवर उतरणारी गर्दी पाहिलीत ना? त्यातले बरेचजण तारापूर एमआयडीसीत जातात.

माझा एक जुना विद्यार्थी यंदा दहावी झाला. वडील म्हणाले, "बाई, कंपनीत हेल्पर लावतो. लगेच पगार! आयटीआयची दोन वर्षं घर कसं चालायचं?"

प्रश्न खराच होता. मी म्हटलं, "दादा, हेल्पर पंप उचलून देतो. फिटर त्याचा शाफ्ट व्हर्नियरने मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत मोजून बसवतो. १९६९ साली आपल्या तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, ते काय नुसत्या शास्त्रज्ञांवर चालतं? तिथे वेल्डर, फिटरही लागतात. आणि आयटीआयनंतर अप्रेंटिस म्हणून घेतलं, तर १९६१च्या कायद्याने विद्यावेतन मिळतं."

वडील अजून विचारातच आहेत. पोराने मात्र ऑनलाइन अर्ज भरून टाकलाय!