लुकमानांची हाक

रमजान सुरू झाला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक फोटो हमखास येतो. सहा-सात वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, डोक्यावर टोपी किंवा ओढणी, गळ्यात फुलांचा हार आणि खाली ओळ: अमुक चिमुकल्याने पहिला रोजा पूर्ण केला. या कौतुकाच्या समारंभाला आमच्यात रोजाकुशाई म्हणतात. शेजारचे हिंदू, जैन, ख्रिस्ती बांधवही तो फोटो आवडीने पाहतात, भेटले की पोराच्या हातात दहा-वीस रुपये ठेवतात. मलाही ते फोटो आवडतात. पण गेली आठ वर्षे तसा फोटो पाहिला की मला माझ्याच घरातली एक संध्याकाळ आठवते, आणि ती आठवण सुखाची नाही.

२०१८ साली रमजान मे महिन्याच्या मध्यावर आला होता. पहाटे पाचच्या आत सहरी संपायची आणि इफ्तार सातनंतर. म्हणजे चौदा तासांहून अधिक वेळ, तोही आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पाण्याच्या थेंबाशिवाय. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. शेजारच्या सात वर्षांच्या मुलीचा फोटो नुकताच छापून आला होता. खरे सांगायचे तर मुलाला रोजा ठेवायचा होता त्यापेक्षा मलाच त्याने तो ठेवायला हवा होता. वयात येईपर्यंत मुलांवर रोजा फर्ज, म्हणजे बंधनकारक नाही, हे मला काय माहीत नव्हते? तरी पाहुणे बोलावले, हार आणला, फोटोवाल्याला सांगून ठेवले. दुपारी जोहरच्या नमाजला मुलगा मशिदीत गेला आणि वजूखान्यातल्या नळाला तोंड लावून पोटभर पाणी प्यायला. कुणीतरी पाहिले. इफ्तारला अर्धा तास उरलेला, घर पाहुण्यांनी भरलेले, आणि ती बातमी माझ्या कानावर आली.

मी विचारले. तो नाही म्हणाला. मग मी जो आवाज चढवला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार. खोटारडा म्हणालो, गाढव म्हणालो, अल्लाह सगळे बघतो म्हणून दरडावले. मुलगा रडलासुद्धा नाही, नुसता भिंतीला टेकून उभा राहिला. माझी अम्मी स्वयंपाकघरातून आली आणि त्याचा हात धरून त्याला आत घेऊन गेली. रात्री मी तरावीहची नमाज पढून परत आलो तेव्हा ती मला एवढेच म्हणाली, ''उसका रोजा पानी से टूटा बाबा, तेरा काहे से टूटा?''

अम्मीला लिहिता-वाचता येत नव्हते. लुकमान हे नाव तिला ठाऊक होते ते एका म्हणीपुरते. वहम का इलाज तो हकीम लुकमान के पास भी नहीं, असे ती येता-जाता म्हणायची. मराठीत आपण स्वभावाला औषध नाही म्हणतो, त्याच घरातली ही म्हण. पण कुरआनात जे लुकमान भेटतात ते काढे देणारे हकीम नव्हेत. ते एक बाप आहेत आणि आपल्या मुलाशी बोलत आहेत.

त्यांच्या नावाची सूरह, म्हणजे अध्याय, कुरआनात एकतिसावी आहे. तिच्यात चौतीस आयती आहेत. रोज एक पारा वाचणाऱ्याला ती एकविसाव्या दिवशी लागते. हजरत लुकमान पैगंबर नव्हते असेच बहुतेक विद्वान मानतात. जुन्या भाष्यकारांनी त्यांच्याविषयी ज्या कथा नोंदवल्या आहेत त्यांत ते काळ्या वर्णाचे आफ्रिकी गुलाम आहेत. कुणी त्यांना सुतार म्हणतो, कुणी शिंपी, कुणी मेंढपाळ. एकदा मालकाने त्यांना बकरा कापून त्यातले सर्वांत उत्तम दोन भाग आणायला सांगितले. त्यांनी जीभ आणि काळीज आणले. काही दिवसांनी मालक म्हणाला, आता सर्वांत वाईट दोन भाग आण. त्यांनी पुन्हा जीभ आणि काळीजच पुढे ठेवले. ही दोन चांगली असली तर त्यांच्याइतके चांगले काही नाही आणि बिघडली तर त्यांच्याइतके वाईट काही नाही, असा त्यांचा खुलासा. (जिभेची अशीच एक गोष्ट इसापाच्या नावावरही सांगतात.) ज्याच्याकडे ना राज्य, ना घराणे, ना पैगंबरी, अशा माणसाचे आपल्या मुलाशी झालेले बोलणे कुरआनाने जपून ठेवले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

ते बोलणे सात आयतींत मावते. त्यात काय आहे हे आमच्यातले बहुतेक जण सांगतील: अल्लाहशी कुणाला भागीदार करू नकोस, नमाज कायम कर, चांगल्याचा आग्रह धर, वाइटापासून रोख, संकट आले तर धीर धर, लोकांशी उर्मटपणे वागू नकोस. उपदेश कडकच आहे. माझ्यासारख्या बापाला तो तोंडपाठ असतो आणि वेळी-अवेळी मुलांवर फेकायला बराही असतो. पण सुरुवातीची हाक आपण विसरतो. लुकमान मुलाला 'या बुनय्या' म्हणतात. अरबीत 'इब्न' म्हणजे मुलगा, आणि 'बुनय्य' हे त्याचे लाडके, लहान केलेले रूप. आपल्याकडे बाळा, सोन्या, दख्खनीत बेटू, बाबा म्हणावे तसे. एवढ्याशा उताऱ्यात ही हाक तीन वेळा येते. धर्मातली सर्वांत मोठी गोष्ट सांगायची आहे तेव्हाही आधी 'बाळा', आणि सर्वांत कठीण जबाबदारी टाकायची आहे तेव्हाही आधी 'बाळा'.

आणि उपदेशाचा शेवट कशावर होतो? आवाजावर. चालणे मध्यम ठेव, आवाज खाली ठेव, कारण सर्वांत कर्कश आवाज गाढवाचा असतो. ही आयत मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि ती मुलांसाठी आहे असेच धरून चाललो होतो. आपल्याकडे बाप चिडला की पहिला शब्द कोणता निघतो? गाढवा! त्या संध्याकाळी मी मुलाला भरल्या घरात गाढव म्हणालो, तेव्हा गाढवाच्या आवाजात कोण बोलत होते, हे अम्मीच्या प्रश्नानंतर मला कळले.

यावर काही जण म्हणतील, एवढे गोंजारले तर मुले डोक्यावर बसतात. आम्ही मार खाऊनच शिकलो. मीही हेच म्हणायचो. पण लुकमानांनी मुलाला सूट कुठे दिली आहे? त्यांनी मागितलेल्या गोष्टींतली एकही सोपी नाही. अन्यायाविरुद्ध बोल आणि त्याबद्दल जे भोगावे लागेल ते सोस, असे पोटच्या पोराला सांगायला छाती लागते. आजचे आपण तर 'कशाला लोकांच्या भानगडीत पडतोस' असेच सांगतो. त्यांची मागणी जड आहे, आवाज मात्र मऊ आहे. आपले नेमके उलटे झाले आहे. फोटो, मार्क, हार अशा हलक्या गोष्टी आपण मुलांकडे मागतो आणि त्याही ओरडून.

या बोलण्याच्या मधेच अल्लाह स्वतः आई-वडिलांविषयी सांगतो. सांगतो दोघांविषयी, पण कष्ट मोजतो ते आईचे: दुबळेपणावर दुबळेपणा सोसून तिने पोटात वाढवले, दूध तुटायला दोन वर्षे गेली. पुढे असेही येते की आई-वडील अल्लाहशी कुणाला भागीदार करायला भाग पाडू लागले तर ते ऐकू नकोस, पण जगात त्यांच्याशी भलेपणानेच वाग. इतक्या मूळच्या मतभेदातही वागणुकीतला भलेपणा सोडायची परवानगी नाही. घराघरांत आज लग्न, शिक्षण, राजकारण यांवरून बाप-लेकांचे बोलणे बंद आहे. त्यांच्यासाठी यात पुष्कळ आहे, मग घर कुणाचेही असो.

आता मोहरीच्या दाण्याची आयत. लुकमान मुलाला सांगतात की एखादी गोष्ट मोहरीच्या दाण्याएवढी असली, आणि ती खडकात असो, आकाशात असो की जमिनीत, अल्लाह ती समोर आणेल. 'अल्लाह बघतो' म्हणून आपण मुलांना जी भीती घालतो तिचा उगम बहुधा इथे आहे. मराठी माणसाला राई म्हटली की राईचा पर्वत आठवतो, आणि पोराच्या राईएवढ्या चुकीचा पर्वत करण्यात आपण पटाईत असतोच. पण ही आयत संपते ती अल्लाहच्या दोन नावांवर: लतीफ आणि खबीर. खबीर म्हणजे सर्व जाणणारा. लतीफ म्हणजे अत्यंत सूक्ष्म पाहणारा, आणि त्याच शब्दात कोमलताही आहे. म्हणजे पाहणारा पोलिसासारखा पाहत नाही. आणि मोहरीचा दाणा काय फक्त चुकीचाच असतो? त्या दिवशी माझ्या मुलाने पहाटेपासून दुपारपर्यंत, मे महिन्यात, तहान सोसली होती. तो दाणा मला दिसलाच नाही. मला नळ तेवढा दिसला.

मुलांचे रोजे नवे नाहीत. मदीनेतल्या मुलांचा उल्लेख बुखारी शरीफ या हदीस-संग्रहात आहे. हजरत रुबैय्यि (रजि.) सांगतात की आशूराच्या रोजाला त्या आपल्या मुलांनाही रोजा ठेवायला लावत आणि त्यांच्यासाठी लोकरीची खेळणी बनवून ठेवत. कुणी खायला मागून रडू लागले की ते खेळणे त्याच्या हातात देत, इफ्तारची वेळ होईपर्यंत. मला त्या आयांनी बसून वळलेली लोकर दिसते. मूल रडणार हे त्यांनी आधीच धरले होते, रडण्याला त्यांनी गुन्हा मानले नव्हते. मी हाराची तयारी केली होती, खेळण्याची नाही. हजरत अनस (रजि.) तर जेमतेम दहा वर्षांचे असताना प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सेवेत आले आणि दहा वर्षे राहिले. ते सांगतात की एवढ्या काळात प्रेषितांनी त्यांना कधी 'उफ्' म्हटले नाही; हे का केलेस आणि ते का केले नाहीस, असेही कधी विचारले नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या हातून दहा वर्षांत काय काय सांडले-फुटले असेल!

याच उताऱ्यातली आणखी एक गोष्ट. लोकांपुढे गाल वाकडा करू नकोस, असे लुकमान सांगतात. तिथे जो अरबी शब्द आहे त्याचे मूळ भाष्यकार उंटाच्या एका रोगात सांगतात. त्या रोगात उंटाची मान वळते ती वळलेलीच राहते. मूल काही सांगायला येते आणि बापाची मान मोबाइलकडे वळलेली असते, तेव्हा मला तो उंट आठवतो. आणि जमिनीवर तोऱ्यात चालू नकोस, हे तर आज पायांपेक्षा चाकांना लागू आहे. तरावीहनंतर आमच्या पोरांच्या मोटारसायकली रात्री बारा-एकपर्यंत सायलेन्सर फोडत फिरतात. आजारी माणूस, परीक्षेचे पोर, पहाटेची एसटी धरणारा शेजारी यांची झोप मोडून कुठले सवाब पदरात पडते? हा रोग एकाच आळीचा नाही, सणांत सगळ्याच आळ्यांना होतो. पण रमजानच्या पानावर लिहिताना मी आधी माझ्या आळीचे बोलावे हे बरे.

त्या पोरांत माझा मुलगाही असतो. आता तो अठरा वर्षांचा आहे. त्या संध्याकाळनंतर तो माझ्याशी खोटे बोललेला मला आठवत नाही, कारण त्याने मला काही सांगणेच कमी केले. काय हवे-नको ते आईला सांगायचा, दादी होती तोवर दादीला. अम्मी जाऊनही आता दोन वर्षे झाली.

गेल्या आठवड्यात तो रात्री एक वाजता घरी आला. मी दारातच बसलो होतो. काय बोलायचे ते सगळे तयार होते, सायलेन्सरपासून अभ्यासापर्यंत. त्याने चपला काढल्या, माझ्याकडे पाहिले आणि भिंतीशी थांबला, तसाच. मला एकदम अम्मीचा शब्द आठवला. पन्नाशी उलटली तरी ती मला बाबाच म्हणायची. मी म्हणालो, ''बाबा, खाना खाया क्या?''

तो गोंधळला. मग आत जाऊन ताट वाढून घेऊन आला आणि माझ्यासमोर बसून जेवू लागला. पेट्रोल संपले म्हणून स्टँडपासून गाडी ढकलत आणल्याचे सांगून हसला. अर्धी भाकरी संपल्यावर खाली मान घालून म्हणाला, ''अब्बा, डिप्लोमाचा एक विषय राहिलाय. तुम्हाला सांगितलं नव्हतं.''

घशापर्यंत आलेला आवाज मी गिळला. कोणता विषय म्हणून विचारले. मॅथ्स, तो म्हणाला. सहरीला अजून अडीच-तीन तास होते. मी त्याला वही आणायला सांगितली.