विमाहीन की मितिहीन?

पवारांच्या धार आणि देवास या संस्थानांमुळे माळव्यात स्थिरावलेल्या मराठी घरांतील मुले अभियांत्रिकीला गेली, की हिंदी ग्रंथांत त्यांना 'विमाहीन संख्या' भेटतात. मराठी कानाला वाटावे, या संख्यांचा कोणी विमा उतरवलेला नाही! हिंदीतील 'विमा' म्हणजे आपल्या त्रिमितीतील 'मिती'. आपला शब्द 'मितिहीन'. एवढ्यावर हसून सोडून देता येईल. पुढच्या शब्दावर येत नाही.

हिंदीत 'संवहन' म्हणजे द्रवाने वा वायूने स्वतः हलून उष्णता नेणे. मराठी शाळेतील 'अभिसरण'. मराठीत मात्र 'संवाहक' म्हणजे उष्णता वा वीज आपल्यातून वाहू देणारा पदार्थ. हिंदी ज्याला 'अर्धचालक' म्हणते, तो आपला 'अर्धसंवाहक'. शब्दाचे मूळ एक, प्रक्रिया दोन. आणि नुसेल्ट संख्या ही नेमकी या दोन प्रक्रियांची तुलना आहे: अभिसरणाने जाणारी उष्णता भागिले तेच द्रव्य निश्चल असते तर वहनाने गेली असती ती. संज्ञेची गल्लत झाली की अंश छेदाच्या जागी जातो. गोल नळीत संथ, पूर्ण विकसित प्रवाह आणि भिंतीचे तापमान सर्वत्र समान असेल, तर ही संख्या ३.६६ येते, उलटी मांडली तर ०.२७. धार जिल्ह्यातच पिथमपूरला वाहने बनतात. रेडिएटरचे गणित असल्या उत्तरावर उभे राहत नाही.

"जिला एककच नाही, तिला भाषा कशाला?" असा प्रतिवाद होतो. मीटरने मोजा वा फुटाने, संख्या तीच राहते, हे मान्य. पण व्याख्या वाक्यात लिहावी लागते, आणि वाक्य कोणत्या तरी भाषेतच असते. नुसेल्टने १९१५ साली आपला सिद्धान्त जर्मनमध्ये, स्वतःच्या भाषेत मांडला, हे इंग्रजीचे वकील सोयीस्करपणे वगळतात.

कायद्याचा आधार तोकडा आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-क मातृभाषेतील शिक्षणाची सोय प्राथमिक टप्प्यापुरतीच सांगतो. नुसेल्ट त्या वयात भेटत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास वाट मोकळी केली, पण ती वाट माळव्यातील मराठी मुलाच्या दारापर्यंत येत नाही. तो हिंदीतूनच शिकणार. म्हणून मागणी माफक आहे: मराठी परिभाषाकोशांत हिंदी पर्यायही छापावा, आणि 'संवहन', 'विमा' यांसारखे फसवे शब्द ठळक खुणेने दाखवावेत. बेळगाव-बिदरच्या वाचकांनी कन्नडच्या बाबतीत अशाच जोड्या टिपून पाठवाव्यात.